अल-फाशरच्या छावणीतल्या चुलीचा पत्रा मुंबईत कापला जायचा. पुढं काय झालं?

२६ ऑक्टोबर २०२५. सुदानमधल्या उत्तर दारफूरची राजधानी अल-फाशर ही आरएसएफ या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेली. त्याआधी जवळपास दीड वर्ष शहराला वेढा होता. अन्न संपलं तेव्हा लोकांनी शेंगदाण्याची पेंड, म्हणजे जनावरांचं खाद्य, खाऊन दिवस काढले. शहर पडल्यावर तिथं काय घडलं याचे पुरावे उपग्रहांच्या फोटोंमधून बाहेर आले. हे फोटो तपासून जगासमोर मांडणाऱ्यांत येल विद्यापीठाची एक प्रयोगशाळा आघाडीवर होती.

आपल्याकडं ही बातमी थोडे दिवस चालली आणि मागं पडली. पण अल-फाशरचं मुंबईशी एक नातं आहे. या शहराच्या आसपासच्या छावण्यांमध्ये हजारो बायका ज्या चुलीवर रांधायच्या, तिचा पत्रा मुंबईत कापला जायचा. ती चूल डिझाइन करणाऱ्या टीमचे प्रमुखही मुंबईचेच. नाव अशोक गाडगीळ.

गाडगीळांवरच्या 'मराठी माणसानं जग बदललं' छापाच्या पोस्ट तुम्ही वाचल्या असतील. मुंबई विद्यापीठात पदवी, आयआयटी कानपूर, मग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पीएचडी आणि पुढं तिथंच संशोधन. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी त्यांना तंत्रज्ञानातलं तिथलं राष्ट्रीय पदक दिलं. कौतुक रास्तच आहे, पण आज विषय वेगळा आहे. विद्यापीठाच्या लॅबमध्ये बनलेलं यंत्र संकटातल्या माणसांच्या खरंच कामी येतं का? आणि येतं, तेव्हा ते नेमकं कशामुळं?

हा प्रश्न आत्ताच विचारायचं कारण म्हणजे पैसा. अशा कामांना पैसे पुरवणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. गाडगीळांना दारफूरच्या कामाला लावलं होतं ते याच संस्थेनं.

कचऱ्यापासून जळण? पण कचरा होता कुठं?

दारफूरमध्ये २००३ साली युद्ध पेटलं आणि लाखो लोक घरदार सोडून छावण्यांमध्ये आले. धान्य मदत म्हणून मिळत होतं, पण ते शिजवायला सरपण लागतं आणि छावणीभोवतीची झाडं बघता बघता संपली. मग बायका लांब लांब जाऊ लागल्या. एका मोळीसाठी पाच-सात तासांची पायपीट. आणि छावणीच्या बाहेर हत्यारबंद टोळ्या होत्या. सरपणाला गेलेल्या बायकांवर बलात्कार व्हायचे. पुरुष गेले तर ते जिवे मारले जायचे, म्हणून घराघरातून बायकांनाच पाठवलं जायचं. या हिशेबाबद्दल काय बोलणार?

यूएसएडकडून बर्कलीला विचारणा झाली तेव्हा आधीची कल्पना अशी होती की स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून जळणाच्या कांड्या बनवाव्यात. ऐकायला छान वाटतं. पण हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की रेशनवर जगणाऱ्या घरातून स्वयंपाक होईल इतका कचरा निघणारच नाही. उपाशी माणसाच्या ताटात उरतं काय? लांब बसून काढलेले उपाय बहुतेक वेळा इथंच अडखळतात.

मग २००५ च्या शेवटी गाडगीळ आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टिना गॅलिट्स्की प्रत्यक्ष छावण्यांमध्ये गेले. सोबत चार-पाच तयार चुली नेल्या आणि तिथल्या बायकांना त्यांवर त्यांचंच जेवण करायला सांगितलं. दारफूरचं रोजचं जेवण म्हणजे 'असीदा'. ज्वारी-बाजरीचं पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा. आपण पिठलं घोटतो तसंच, पण त्याहून कितीतरी घट्ट, आणि ते घोटायला दोन्ही हातांचा जोर लागतो. भारतातून आलेली 'तारा' नावाची पत्र्याची चूल सरपण वाचवत होती, पण घोटताना ती हलायची, कलंडायची. तिथली भांडी गोल बुडाची. वारा असा की जाळ भांड्याला लागायच्या आधीच बाजूला उडून जायचा.

लॅबमध्ये परतून 'तारा'चाच सांगाडा घेऊन बदल सुरू झाले. भांड्याभोवती वारा अडवणारी पत्र्याची कड आली. गोल बुडाची लहान-मोठी भांडी नीट बसावीत म्हणून आतून उंचवटे आले. वाळूत चूल घट्ट रोवता यावी याची सोय झाली. सरपण घालायचं तोंड मुद्दाम लहान ठेवलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त लाकूड आत जाणारच नाही. खाली बिडाची जाळी. तीन दगडांच्या चुलीला लागतं त्याच्या निम्म्याहून कमी लाकडात स्वयंपाक होऊ लागला. किंमत साधारण २० डॉलर.

पत्र्याचे सुटे भाग मुंबईत कापून, सपाट गठ्ठ्यांत बांधून जहाजानं सुदानला जायचे आणि अल-फाशरमधल्या वर्कशॉपमध्ये स्थानिक कामगार ते जोडायचे. म्हणजे जहाजाचं भाडंही वाचलं आणि तिथल्या लोकांना कामही मिळालं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही चूल 'बलात्कार थांबवणारी चूल' म्हणून गाजवली गेली, तसं काही नव्हतं. बायकांवरचे अत्याचार सरपणामुळं होत नव्हते, हत्यारं घेऊन फिरणाऱ्या आणि कोणालाही जाब द्यायचा नसलेल्या पुरुषांमुळं होत होते. चुलीमुळं बाहेरच्या फेऱ्या कमी होऊ शकत होत्या. पुढं पुढं बऱ्याच घरांत लाकूड विकतच घेतलं जाऊ लागलं, तिथं चुलीनं पैसे वाचवले. हे मोठं काम आहे, पण ते तेवढंच आहे. त्यापलीकडचं काम पत्र्याच्या चुलीचं नव्हतं, सरकारांचं आणि संयुक्त राष्ट्रांचं होतं.

बाई म्हणते 'रोज वापरते', सेन्सर काय म्हणतो?

या गोष्टीतला सगळ्यात कामाचा भाग फारसा कुणी सांगत नाही.

मदतीच्या कामात यशाचा आकडा बहुतेक वेळा 'किती वाटल्या' हा असतो. दहा हजार चुली वाटल्या, फोटो निघाले, अहवाल झाला. वापरतं का कोणी, हे बघायचं तर सर्व्हे होतो. आणि सर्व्हेत कोण काय सांगणार? चूल देणाराच दारात येऊन विचारतोय म्हटल्यावर पाहुण्याचं मन कोण मोडणार? आपल्याकडं शौचालयांच्या सर्व्हेत हेच झालेलं आपण पाहिलंय.

बर्कलीच्या टीमनं अल-फाशरजवळच्या अल-सलाम छावणीत दीडशेहून जास्त घरांतल्या चुलींना छोटे तापमान मोजणारे सेन्सर बसवले. चूल तापली की नोंद. २०१६ मध्ये हा अभ्यास छापून आला. चूल खऱ्या अर्थानं वापरणारी घरं निघाली सुमारे ७१ टक्के. आणि तोंडी सांगितलेले स्वयंपाकाचे तास नि वेळा सेन्सरच्या नोंदींपेक्षा ठळकपणे जास्त होत्या.

खरी गंमत पुढं आहे. जी घरं सुरुवातीला चूल वापरतच नव्हती, त्यांच्याकडं टीमची माणसं सर्व्हेसाठी पुन्हा गेली, चुलीबद्दल बोलली. त्यानंतर यातल्या बहुतेक घरांनी चूल वापरायला सुरुवात केली. चुलीत काहीही बदल केलेला नव्हता. पत्रा तोच, जाळी तीच. फक्त कोणीतरी परत आलं होतं.

संकटातल्या लोकांसाठी इंजिनिअरिंगचं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र येतं. पैसे देणाऱ्यांच्याही यंत्रच येतं, कारण यंत्राचा फोटो काढता येतो. पण वाटून झाल्यावर तिसऱ्या महिन्यात, तिसऱ्या वर्षी पुन्हा त्या दारात जाण्याचा खर्च कोण लावणार, यावर सगळं ठरतं. हे दारफूरपेक्षाही स्वच्छ दिसतं ते पश्चिम बंगालमध्ये.

एकाच तालुक्यातली दोन पाणी केंद्रं

बंगालमध्ये, म्हणजे आपल्या पश्चिम बंगालमध्ये आणि बांगलादेशात, लोक पूर्वी तळ्यांचं पाणी प्यायचे. कॉलरा, हगवण ठरलेली. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो कूपनलिका खणल्या गेल्या, आणि पोटाचे आजार कमी करायला त्यांची मदतही झाली. पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या थरांत नैसर्गिकरीत्या आर्सेनिक आहे आणि ते त्या उथळ भूजलात उतरलेलं होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की हातापायांवर कडक फोड येतात, कातडीवर डाग पडतात, पुढं कॅन्सर. १९८३ च्या सुमाराला कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडं असे रुग्ण आले आणि कारण उघड झालं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात बांगलादेशातल्या या प्रकाराचं वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असं केलं गेलं.

मग उपायांची रांग लागली. दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातल्या बारुईपूर भागात देशी-विदेशी ११ कंपन्यांची १९ आर्सेनिक काढणारी यंत्रं हातपंपांना जोडली गेली. जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींच्या गटानं त्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि २००५ मध्ये निकाल छापला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. ती सातत्यानं पाळणारं यंत्र एकही नव्हतं. तेव्हाची भारतीय मर्यादा ५० होती, ती सगळा काळ पाळणारी फक्त दोन.

लॅबमध्ये ही तंत्रं चालत होती. गावात मात्र फिल्टरमधला माल बदलायला, यंत्र आतून धुवायला, महिन्याला पाणी तपासायला माणूस लागतो. तो कोणाचा पगारी, हेच ठरलेलं नव्हतं. विषारी पाण्यापेक्षा घातक गोष्ट कोणती असेल तर 'शुद्ध' अशी पाटी लावलेलं विषारी पाणी.

याच बारुईपूर भागात धपधपी नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या आवारात २०१६ साली दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचं एक केंद्र सुरू झालं. बर्कली आणि जादवपूर या दोन विद्यापीठांचं हे काम. तत्त्व एकदम साधं आहे. पाण्यात साध्या पोलादाच्या पट्ट्या उभ्या करून कमी दाबाची वीज सोडायची. लोखंड विरघळून त्याचा गंज होतो, आर्सेनिक त्या गंजाला चिकटतं. मग तुरटी टाकायची, आपण गढूळ पाण्याला फिरवतो तीच, आणि गाळ खाली बसू द्यायचा. २५० मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक असलेलं पाणी १० च्या खाली आलं आणि वर्षभराहून जास्त काळ तसंच राहिलं. उरलेल्या गाळाची विल्हेवाट नीट लावावी लागते, ते काम कायमचं मागं असतं.

आता या दोन गोष्टींत फरक काय? गंजाचं रसायनशास्त्र कुणी २०१६ साली शोधून काढलेलं नाही. फरक असा की धपधपीत केंद्र चालवायचा परवाना एका भारतीय कंपनीनं घेतला, चालवायला स्थानिक माणसं नेमली आणि पाणी गावकऱ्यांना साधारण रुपया लिटर किंवा त्याहून कमी दरानं विकत दिलं. त्या पैशातून ऑपरेटरचा पगार आणि देखभाल. बंगालमध्येच अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरचं बी. ई. कॉलेज यांनी शंभराहून जास्त गावांत वेगळ्या तंत्राचे फिल्टर बसवले. तिथंही गावची समिती आणि घरटी महिन्याची वर्गणी. तंत्रं दोन, पण दोन्हीकडं देखभालीचा खर्च आधी मांडलेला.

इथं तुम्ही म्हणाल, गरिबाला पाणी विकायचं? प्रश्न बरोबर आहे. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला दिवसाला १५ लिटर धरलं तर महिन्याला साडेचारशे रुपयांपर्यंत जातात. ज्याच्या घरात रोज चूल पेटायचीच मारामार, तो या हिशेबात बसत नाही आणि पुन्हा हातपंपाकडंच जातो. सुरक्षित पाणी देणं हे सरकारचंच काम आहे, कंपनीचं नाही. पण फुकट बसवलेल्या आणि सहा महिन्यांत बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चालू केंद्र बरं, एवढंच आत्ता म्हणता येतं. सरकारनं गरीब घरांची वर्गणी भरली तर यातून मार्ग निघू शकतो.

जाता जाता एक. याच तंत्राची सुधारलेली आवृत्ती गाडगीळांच्या टीमनं नंतर कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलन्सवर्थ या छोट्या गावात तपासली. १९०८ साली कृष्णवर्णीय अमेरिकनांनी वसवलेलं हे गाव, आणि तिथल्या विहिरींतही आर्सेनिक. बंगालच्या खेड्यातून शिकलेली गोष्ट जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एकातल्या गरीब वस्तीत गेली.

पैसे बंद झाल्यावर आधी काय तुटतं?

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द होत आहेत. जुलैत संस्थाच संपली. याचा फटका विद्यापीठांना थेट बसला. एकट्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा ८० कोटी डॉलरहून जास्त निधी गेला आणि दोन हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या. त्यातल्या बहुसंख्य नोकऱ्या अमेरिकेत नव्हत्या, ४४ देशांतल्या स्थानिक लोकांच्या होत्या.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. निधी थांबला तरी शोधनिबंध कुठं जात नाही, पेटंट जात नाही, डिझाइनची फाइलही राहते. जातो तो गावातला माणूस. घरोघरी जाणारी, पाण्याचा नमुना घेणारी, 'ताई, चूल का वापरत नाही?' असं विचारणारी व्यक्ती. सुदानमध्येही मदत गोठल्यावर स्थानिक तरुण चालवत असलेली शेकडो सामुदायिक स्वयंपाकघरं बंद पडली, आणि ती कुठल्याही विद्यापीठाची नव्हती, लोकांनीच उभी केलेली होती.

आणि अल-फाशरजवळची झमझम छावणी? तिथं ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफनं छावणीवर हल्ला केला आणि लाखो लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विस्थापित होऊन तविलाकडं चालत निघाले. डोक्यावर काय घ्यायचं आणि काय मागं टाकायचं हे ठरवताना चुलीचा नंबर कितवा लागला असेल?

अमेरिकेवर टीका करताना एक गोष्ट विसरता येत नाही. पैसा सुरू होता तेव्हाही तो बहुतेक दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाला मिळायचा. नवीन काहीतरी शोधा, तपासा, छापा. दहा वर्षं तेच यंत्र चालवा, यासाठी संशोधनाचा निधी देणारे फार थोडे. २०२५ मध्ये जे एका फटक्यात कोसळलं, ते आधीपासूनच एका खांबावर उभं होतं.

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं काय?

महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे. राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पासाठी, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईनं तयार करून दिली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, पिकांना किती लागणार. पाच हजारांहून जास्त गावांचा हा प्रकल्प. यात चकचकीत यंत्र कुठंच नाही, म्हणून त्याची रीलही होत नाही. पण सरकारी यंत्रणेच्या रोजच्या कामात बसल्यामुळं ती पद्धत एका प्रोफेसरच्या निधीवर अवलंबून राहिली नाही.

२०१६ पासूनच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा हेतूही हाच आहे की जिल्ह्यातल्या पाणी, रस्ते, शेतीच्या प्रश्नांवर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी काम करावं आणि त्याचा अहवाल जिल्हा प्रशासनाच्या टेबलावर जावा. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या पाण्यापासून अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यापर्यंत विषयांची कमी नाही. तरी कॉलेजात फायनल इयरला 'स्मार्ट डस्टबिन' किती होतात ते तुम्हाला माहीतच आहे.

यात एक अडचण इतकी साधी आहे की तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. पोरं गावात जातात ती ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. फायनल प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होते मे महिन्याच्या आसपास. टँकर त्याच महिन्यात सुरू असतात, नळयोजना कुठं फुटली, कोणत्या वाडीला पाणी पोचत नाही हे तेव्हाच दिसतं. आणि तेव्हा पोरं बाइंडिंग केलेला रिपोर्ट जमा करून घरी गेलेली असतात. जूनमध्ये नवी बॅच येते, नवा विषय घेते.